अस्वलाची नोंद

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ

साडूकडे जेवून आलो. जेवण बरं होतं. अस्वल मात्र आता सहन होत नाही.

अस्वल म्हणजे फोटो. गेल्या वर्षी साडू डोंगरावरच्या त्या जंगल-पार्कात गेला होता, तिथे त्याला अस्वल दिसलं. दिसलं ते दिसलं, त्याचा फोटो काढला, मोठा केला, फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. मला दर वेळी बरोबर त्याच्या समोरची खुर्ची मिळते. आज हिने पुन्हा विषय काढलाच. भाऊजी, सांगा ना परत, कसं दिसलं. साडू म्हणाला, त्यात सांगण्यासारखं काय आहे, मी उभा होतो, ते आलं, बघितलं, गेलं. साठ मीटरवर असेल.

या माणसाचा नम्रपणा हाच त्याचा सगळ्यात मोठा गर्व आहे. औषधांचं दुकान चालवतो. आवाज कधी चढत नाही. परत येताना ही म्हणाली, भाऊजी किती शांत असतात नाही! मग मीही वीस मिनिटं शांत बसलो. हिने विचारलं, ॲसिडिटी झालीय का.

ऑक्टोबरमध्ये चार दिवस सगळ्यांनी तिथे जायचं ठरलंय. दोघी बहिणींचं काहीतरी आहे, त्यांच्या आईच्या जुन्या फोटोवरून. नीट ऐकलं नाही, अस्वलाकडे बघत होतो.

निश्चय: या ऑक्टोबरात मला अस्वल दिसणार. त्याच्यापेक्षा मोठं. त्याच्यापेक्षा जवळून.

१५ सप्टेंबर, सोमवार

फिटनेस आजपासून. साधा उपाय: ऑफिसात लिफ्ट बंद, जिना चालू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

जिना रद्द. मी अठरा वर्षं लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दरवाजे सगळं बघून सही करतो, मगच लिफ्ट चालते. आज मला तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा असलेला बघून वॉचमनने विचारलं, साहेब, लिफ्टमध्ये काही आहे का? दहा मिनिटांत सहाव्या मजल्यावरून दोन फोन. इन्स्पेक्टरच जिन्याने जातोय म्हटल्यावर लोक घाबरणारच. जनतेच्या विश्वासासाठी मला लिफ्टच वापरावी लागेल. दम लागला हा भाग वेगळा.

२१ सप्टेंबर, रविवार

बूट घेतले. डोंगराचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. दुकानदार म्हणाला, आधी घरात घालून पाय सरावू द्या. हिने सांगितलं, भाऊजी नऊ वर्षं एकच जोडी वापरतात. मी विचारलं नव्हतं.

अस्वलावर चार लेख वाचले. पहाट, पाणी, शांतता: हे तीन असलं की अस्वल. साडूने एकही लेख वाचलेला नाही. म्हणजे माझी तयारी त्याच्या चौपट. खरं तर अनंतपट.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपार

बूट चावतात. टीव्ही बघताना घालून बसतो. तोही सरावच.

आज कळलं, ही गेले दोन महिने रोज सकाळी तिच्या ताईबरोबर, म्हणजे साडूच्या बायकोबरोबर, पाण्याच्या टाकीमागची टेकडी चढते. गेल्या वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी परवानगी दिलीय म्हणे. मला वाटायचं, ब्रेड आणायला जाते. ब्रेडला दीड तास लागत नाही हे लक्षात यायला हवं होतं, पण मी माणसांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४

पोचलो. विश्रामगृहात दोन खोल्या. त्यांच्या खिडकीतून दरी दिसते, आमच्या खिडकीतून पार्किंग. साडू लगेच म्हणाला, तुम्ही घ्या ही खोली, आम्हाला काय कुठेही चालतं. मी नाही म्हटलं. उपकार कोण घेणार. ही खोलीत आल्यावर म्हणाली, अहो, ते मनापासून देत होते. तेच तर.

गेटवर वनरक्षक बाई आहेत. पन्नाशीच्या पुढच्या, खाकी जॅकेट, खांद्याला थर्मास. बोलणं मोजकं. त्यांच्या टेबलावर एक जाड नोंदवही उघडी असते. काय दिसलं, किती वाजता, कुठे, किती अंतरावरून, काय करत होतं, बरोबर पिल्लं होती का, असे रकाने. ज्याला जे दिसेल त्याने येऊन लिहायचं. वही चाळली. साडूची गेल्या वर्षीची नोंद सापडली. एका ओळीत. अक्षरसुद्धा चांगलं आहे.

बाईंनी वाटा समजावल्या. ओढ्यावर एक लाकडी पूल. पूल ओलांडला की एक वाट ओढ्याकाठाने, दुसरी चढत वरच्या पठारावर. पठारावर दुभंगलेला मोठा खडक आहे. सासूबाई वीस वर्षांच्या असताना त्या खडकाला टेकून उभ्या आहेत, कमरेवर हात, असा कृष्णधवल फोटो ताईच्या पर्समध्ये आहे. प्लास्टिकच्या कव्हरात. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. दोघी बहिणींना त्याच जागी तसंच उभं राहून फोटो काढायचाय. टेकडी त्यासाठी चढत होत्या तर! शनिवारी जाणार. उद्या नुसती सोपी फेरी.

मला शनिवारपर्यंत थांबायची गरज नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९:३०

घाईत लिहितोय. मोठी बातमी आहे. पण क्रमाने.

सहाला निघालो. पहिल्या तासाचा हिशेब: साडू – दोन हरणं, एक घुबड, एक कोल्हा. मी – एक खार, बहुतेक. साडू ओरडत नाही, बोट दाखवत नाही, नुसता थांबतो. तो थांबला की ही त्याच्या मागे लगेच थांबते, श्वाससुद्धा रोखते. मी थांबलो की विचारते, पायात गोळा आला का?

घुबड तर माझ्या डोक्यावर होतं. तिघं मला खुणा करत होती. मी वर बघेपर्यंत फांदी रिकामी.

पूल आला तेव्हा मी जाहीर केलं की मी ओढ्याकाठाने एकटा जातो, गर्दीत प्राणी येत नाहीत. साडू म्हणाला, खरंय तुमचं. सहमत होण्याची ही पद्धत मला आवडत नाही.

थोडं पुढे एका दगडावर बसलो. बूट काढले, मोजे काढले, चिखलात पाय ठेवले. फार बरं वाटलं. बिस्किटं खाल्ली. पहाट होती, पाणी होतं, शांतता होती. पलीकडच्या काठावर काहीतरी काळं होतं. हललं. निदान माझ्या मते हललं. मग हललं नाही. बराच वेळ हललं नाही.

परत आलो तर तिघं पुलावर उभी. हिने सहज विचारलं, काही दिसलं? आणि माझं तोंड म्हणालं, अस्वल.

मी तोंडाला तसं सांगितलं नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर काय करणार. हिने माझी बाही घट्ट धरली, खरंच? ताई म्हणाली, अगं बाई! साडूने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, वा, फार छान झालं. पुढे एक प्रश्न नाही. जळणारा माणूस असाच वागतो.

गेटवर बाईंनी वही पुढे केली. लिहिलं: अस्वल, पूर्ण वाढलेलं. ७:४०. पुलाजवळ. अंतराच्या रकान्यात आधी पन्नास लिहिणार होतो, मग वीस मीटर लिहिलं. काय करत होतं – माझ्याकडे रोखून बघत होतं. पिल्लं – दोन.

पिल्लं कुठून आली ठाऊक नाही. पण रकाना होता, आणि हात चांगला चालला होता.

बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, विचारलं, नक्की? मी म्हटलं, बाई, मी तपासणीच्या क्षेत्रातला माणूस आहे.

१० ऑक्टोबर. संध्याकाळी ७

आयुष्यातला उत्तम दिवस. जेवणाच्या हॉलमध्ये बातमी पसरली. दुसऱ्या टेबलांवरचे लोक उठून आले. हकिगत चार वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी पिल्लं पाण्यात खेळली. चौथ्या वेळी अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. साडू शेवटपर्यंत ऐकत बसला. सूप गार झालं त्याचं.

ही सारखी माझ्याकडे बघून हसत होती. अशी हसलेली बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. साठ मीटरवाल्याकडे आज कोणी बघितलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७:१५

गेटवर बोर्ड. पिल्लांसह मादी पुलाजवळ दिसल्याने दोन्ही वाटा तीन दिवस बंद.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पिल्लं घेतलीच नसती.

दोघी बहिणी पाठपिशव्या लावून तयार होत्या. ताईने पर्स उघडून फोटो परत एकदा बघितला आणि पर्स मिटली. बाई म्हणाल्या, पिल्लं असली की मादी अंगावर येते, नियम मी केलेला नाही. साडूने विचारलं, दुसरी वाट? नाही. पूल एकच. उद्या दुपारी आम्ही निघणार, सोमवारी सगळ्यांची कामं.

ही बाकावर बसली आणि गुडघ्याचा पट्टा सोडला. त्या वेलक्रोचा आवाज फार मोठा येतो. घरी कधी जाणवलं नव्हतं. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी सुचवलं की पार्किंगमधून दुर्बिणीने पठाराची कड दिसू शकेल. ताईने पाठपिशवी काढून बाकावर ठेवली.

११ ऑक्टोबर. सकाळी ९

ठरलं. दहा वाजता सगळं खरं सांगून टाकायचं.

सकाळी १०:१०

ताई रडत होती. अशा वेळी सांगणं असभ्यपणाचं. अकरा.

सकाळी ११:०५

साडू ताईसाठी चहा घेऊन चालला होता. त्याच्यासमोर शक्य नाही. शिवाय खोटं म्हणावं असं काय आहे? काळं काहीतरी होतंच. ते अस्वल नव्हतं हे कोणी सिद्ध केलंय? जेवणानंतर.

दुपारी १:३०

जेवणानंतर सगळे आडवे झाले. झोपेतून उठवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

११ ऑक्टोबर. दुपारी ४:३०

दोन वाजता वनरक्षक बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, चला, जागा दाखवा. बोर्डाच्या पलीकडे आम्ही दोघंच. बाई जमिनीकडे बघत चालतात. दगडापाशी वाकून बिस्किटाचा कागद उचलला आणि खिशात घातला. मग विचारलं, मादी वीस मीटरवर असताना तुम्ही बूट काढून बसला होतात का?

बुटांचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं. चिखलात माझे दोन्ही अनवाणी पाय उमटले होते. पाची बोटं, स्वच्छ. दुसरं कोणाचंच काही उमटलेलं नव्हतं. पलीकडच्या काठावर जळकं खोड होतं. ते मी बघितलं, त्यांनीही बघितलं. त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

बाई दगडावर टेकल्या, थर्मासच्या झाकणात चहा ओतून मला दिला. म्हणाल्या, न दिसलेली अस्वलं सांगणारे सव्वीस वर्षांत खूप भेटले. पिल्लांसकट सांगणारे तुम्हीच. कालपासून त्यांची दोन माणसं वरच्या उतारावर त्या मादीला शोधत फिरतायत. एकाच्या घरी मुलीचा वाढदिवस होता.

मग म्हणाल्या, वहीत तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते. मी लिहिलं तर साहेब येऊन बघणार, वाट सोमवारनंतर उघडणार. तुम्ही आज लिहिलंत तर उद्या सकाळी सहाला मी उघडते. मी विचारलं, ‘ओळखण्यात चूक’ असं लिहिलं तर? म्हणाल्या, जे झालं ते लिहा. मी विचारलं, घरच्यांना कळायलाच हवं का? म्हणाल्या, मी सांगणार नाही. वही टेबलावर असते.

लिहिलं. ‘दहा तारखेची माझी नोंद खोटी आहे. अस्वल नव्हतं. पिल्लं नव्हती.’ खाली सही. अठरा वर्षांत हजारो सह्या केल्या असतील. एकाही लिफ्टच्या बाबतीत मी न बघता सही केलेली नाही. एकदासुद्धा नाही. ही सही करताना ते आठवायला नको होतं.

पान उलटलं आणि वहीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवला. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.

११ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

घरच्यांना सांगितलं, उद्या सहाला वाट उघडतेय, मी बाईंशी बोललो. यातला शब्दन् शब्द खरा आहे. ताईने डोळे पुसले, म्हणाली, तुमच्यामुळे झालं बघा. साडू म्हणाला, कमाल केलीत, मला नसतं जमलं. पहिल्यांदाच तो अगदी बरोबर बोलला.

भूक चांगली लागली.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६:२०

चौघं गेटवर. बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. एक फॉर्म राहिलाय, तो भरल्याशिवाय तुम्हाला पुलापलीकडे सोडता येत नाही. तीन प्रती.

घरच्यांना म्हटलं, बाईंना ऑफिसात माझी थोडी मदत हवीय, तुम्ही व्हा पुढे. ही क्षणभर थांबली. मग म्हणाली, बरं. पूल ओलांडताना साडू पुढे, ताई मधे, ही मागे. साडू जिथे पाय ठेवी तिथेच ही पाय ठेवत होती. वळणापर्यंत बघत उभा राहिलो. माझ्या पावलांवर पाऊल ठेवून कधी चालली आहे का, आठवत नाही. मी कुठे चालतो म्हणा.

सकाळी ८

फॉर्ममध्ये एक रकाना: खोटी नोंद करण्याचं कारण. मी लिहिलं, गैरसमज. बाईंनी वाचून फॉर्म परत सरकवला. लिहिलं, अतिश्रम. परत. लिहिलं, सूर्य डोळ्यांवर होता. बाईंनी खिडकीबाहेर, अजून सावलीतच असलेल्या ओढ्याकडे बघितलं आणि परत.

शेवटी लिहिलं: साडू.

बाईंनी शिक्का मारला. तिन्ही प्रतींवर.

१२ ऑक्टोबर. दुपारी १:४५

आले. ही सगळ्यांत पुढे. पट्ट्याचा पाय किंचित ओढत, पण जवळजवळ पळत. केस विस्कटलेले, गालाला माती. मला वाटलं पडली. म्हणाली, अहो, इकडे या, बाजूला या.

खडक सापडला. सासूबाईंचा हात जिथे होता तिथे दोघींनी हात ठेवले, साडूने फोटो काढला. ताई रडली, मग दोघी हसत सुटल्या, कारण कमरेवर हात ठेवायची आईची ढब दोघींना जमेना. उतरताना हिचा गुडघा दुखायला लागला. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी जरा टेकते. टेकली. आणि झुडपातून अस्वल आलं.

खरं. फळं खात होतं. ओरबाडून, पानांसकट. हिने मला हाताने करून दाखवलं. मी विचारलं, किती अंतर? म्हणाली, माहीत नाही, चघळल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, मोठं होतं? म्हणाली, अहो, त्याच्या पाठीवर पान पडलेलं होतं एक पिवळं, आणि ते तसंच घेऊन फिरत होतं. मी फक्त आकडे विचारत होतो. एकही मिळाला नाही.

मग म्हटलं, चल, वहीत लिही. मी अगदी नकळत म्हणालो. ही म्हणाली, नको. मी काल संध्याकाळीच वही बघितली. शुक्रवारी तुम्ही काय काय लिहिलंय ते वाचायचं होतं. पुढचं पानही वाचलं.

बराच वेळ पार्किंगकडे बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, तुला राग आला असेल. म्हणाली, मला शुक्रवारीच पुलावर कळलं होतं. तुमच्या शर्टावर बिस्किटाचा चुरा होता आणि अस्वल म्हणाल्यावर पुढच्याच वाक्यात तुम्ही नाश्ता किती वाजता असतो हे विचारलंत. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, संध्याकाळी तुम्ही इतके खूश होतात. किती दिवसांनी. म्हटलं, राहू दे एक दिवस. वाट बंद होईल हे माहीत असतं तर तिथेच कान धरला असता. काल सकाळी बाकावर बसून वाट बघत होते, आत्ता सांगतील, मग सांगतील.

मग तिने पाठपिशवी काढून माझ्या हातात दिली, धरा, खांदा दुखतोय. धरली.

१२ ऑक्टोबर. संध्याकाळी ५:३०. पेट्रोल पंप

एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. साडूला आजचं अस्वल दिसलं नाही. तो वळणापलीकडे होता. हे मी हिला विचारून घेतलं आणि ताईला वेगळं विचारून घेतलं.

आत्ता तो गाडीची काच पुसत होता, म्हणून जवळ गेलो. सहानुभूतीच्या स्वरात म्हटलं, तुमचं थोडक्यात हुकलं हो. तो म्हणाला, माझं कशाला हुकेल, तिला दिसलं ना. दोन महिने टेकडी चढली बिचारी. आणि फडकं पिळून पुन्हा काच पुसायला लागला. मी काचेत त्याचा चेहरा निरखून बघितला. दोन्ही बाजूंनी. काहीसुद्धा नाही. त्याला खरोखरच काही वाटत नाही. वर्षभर मी या माणसाशी शर्यत लावली होती आणि त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

फॉर्ममधल्या त्या रकान्याबद्दल त्याला काही ठाऊक आहे का, माहीत नाही. विचारलं नाही. तो म्हणाला, तुम्ही दमला असाल, पुढे बसा, पाय लांब करता येतील. बसलो.

ही आणि ताई मागे बसल्या आहेत. ही अस्वलाची हकिगत परत सांगते आहे, या वेळी मला न सांगितलेलं काहीतरी आहे, कारण दोघी एकदम हसल्या. पुढच्या सीटवरून नीट ऐकू येत नाही.